गाडी माझ्या नावावर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येईल की नाही याची गॅरंटी मी देत नाही.

गाढवपणा मला नवीन नाही. साहेबांच्या सासऱ्यांच्या तेराव्याला जाऊन सवयीने 'अभिनंदन' म्हणून आलेला माणूस आहे मी! पण हा जो किस्सा आहे ना, तो त्या सगळ्यांचा बाप. आणि यात मला कोणी फसवलं म्हणावं, तर तेही नाही. जे केलं ते मीच केलं. स्वतःच्या हाताने, खाली सही ठोकून, तीन प्रतींत.

झालं काय, एका शनिवारी दुपारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. मी भोईवाड्यात राहतो, चौथ्या मजल्यावर. नोकरी फोर्टात, विमा कंपनीत. गाडी आहे एक. पांढरी, बारकी, सेकंड हँड. पण आपण ऑफिसला बसने जाणारी माणसं! गाडी काढायची ती रविवारी दादरहून मासे आणायला, नाहीतर गणपतीत मालवणला. एरवी ती खाली कंपाउंडमध्ये कव्हर घालून झोपलेली असते. निदान मी तरी तसं समजत होतो.

पत्र उघडलं. आमच्यापासून जवळच, परळला, जुन्या मिलच्या जागेवर एक काचेचा टॉवर उभा राहिलाय. खाली दुकानं, वर ऑफिसं आणि तळघरात खासगी पार्किंग. ते पार्किंग चालवणाऱ्या एजन्सीची नोटीस होती. 'आपण सदर वाहनाचे नोंदणीकृत मालक आहात. आपले वाहन लागोपाठ चार गुरुवारी आमच्या वाहनतळावर मुदतीपेक्षा जास्त वेळ उभे होते व शुल्क न भरता मागच्या गेटने बाहेर गेले. सबब दंडासह दोन हजार चारशे रुपये भरावेत. त्या वेळी वाहन दुसरे कोणी चालवीत असल्यास त्याचे नाव व पत्ता कळवावा.'

माझं डोकंच सणकलं! गुरुवारी मी फोर्टात. गाडी कंपाउंडमध्ये. आणि मी दंड भरू?

"सुलभा!" मी ओरडलो. "हे बघ काय पाठवलंय मेल्यांनी!"

सुलभा म्हणजे माझी बायको. कुकर लावत होती. हात पुसत आली, नोटीस वाचली आणि पुन्हा वाचली.

"किती आहेत? चोवीसशे ना? मी भरते."

"तू भरणार? का? आपण काय चोर आहोत?"

"अहो, पण…"

"पण नाही नि बिण नाही! प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे!"

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ज्या माणसाच्या तोंडी 'तत्त्वाचा प्रश्न' येतो ना, त्याच्यापासून चार हात लांब राहावं. मला मात्र स्वतःपासून लांब राहायची सोय नव्हती.

रविवार सकाळभर बसून मी पहिला अर्ज लिहिला. काय भाषा! 'ज्या मिलमध्ये माझ्या तीर्थरूपांनी पस्तीस वर्षे कापडाचे साचे चालवले, त्याच भूमीवर त्यांच्या पुत्राकडून गाडी उभी केल्याचे पैसे मागता?' आठवड्याने उत्तर आलं. दोन ओळींचं. 'आपल्या वडिलांबद्दल आदर आहे. वाहन कोण चालवत होते ते कळवावे.'

म्हटलं, कळवतो. थांबा, पुराव्यासकट कळवतो!

मग मी तपास सुरू केला. गाडीचं कव्हर काढलं, आत बसलो, तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढे ओढलेली! आणि मग आठवलं, गेले कित्येक रविवार सीट अशीच होती आणि मी आपला ती मुकाट्याने मागे सरकवत होतो. म्हणजे कोणीतरी गाडी नेतंय. नक्की!

गाडीची दुसरी चावी नितीनकडे असते. नितीन आमच्या खालच्या मजल्यावरचा. कुरियर कंपनीत आहे, उमदा मुलगा, लग्न झालेला, एक पोर. पाण्याचा टँकर आला की कंपाउंडमधल्या गाड्या मागेपुढे कराव्या लागतात, ते काम बिचारा सगळ्यांसाठी फुकट करतो. म्हणून चावी त्याच्याकडे. गुरुवारी त्याची सुट्टी असते. आणखी काय पाहिजे?

रविवारी सकाळी कंपाउंडमधल्या पाण्याच्या पंपाजवळ दहा माणसं जमलेली बघून मी मुद्दाम आवाज चढवला.

"नितीन, गुरुवारी माझी गाडी घेऊन कुठे जातोस रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उगाच वर, आमच्या गॅलरीकडे पाहिलं.

"मी नाही नेत, काका."

"मग कोण नेतं?"

"ते मला नका विचारू."

"म्हणजे तुला माहीत आहे!"

आमचे सेक्रेटरी पाटकर मध्ये पडले. "परब, अरे सीट पुढे होती म्हणतोस ना? हा बघ, सहा फुटी माणूस! तो सीट पुढे ओढून गाडी कशी चालवणार? गुडघे काय डिकीत ठेवणार?"

"पाटकर, चोर फसवायला काहीही करतात!"

नितीन घरात गेला. माझी चावी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "टँकर आला की तुमची तुम्ही काढा," एवढंच म्हणाला. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातची तांदळाची गोड बोरं दर दिवाळीला फराळात आमच्याकडे येतात. यायची, असं म्हणायला हवं.

पण मी थांबलो का? छे! मी चौकीत गेलो.

तिथे हवालदार होते, पोट सुटलेले, शांत. मी म्हटलं, "गाडीचोरीची तक्रार लिहून घ्या."

"गाडी कुठंय?"

"खाली. बिल्डिंगमध्ये उभी आहे."

"मग चोरी काय गेलं?"

"गाडीच! दर गुरुवारी जाते आणि परत येते!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पेट्रोल काढतात?"

"नाही हो. काटा जिथे असतो तिथेच असतो."

"म्हणजे चोर गाडी नेतो, पेट्रोल भरतो आणि जाग्यावर आणून लावतो?"

"हो!"

"कव्हर पण घालतो?"

"व्यवस्थित!"

"काका," ते कळवळून म्हणाले, "माझ्याकडे पण एक बाइक आहे. त्या चोराला माझा पत्ता द्या की!"

मी अर्ज दिलाच. सही, तारीख, पोच घेतली. मला वाटलं, पोलिसांना विनोद सुचतात, तपास सुचत नाही.

या सगळ्यात सुलभा मला काहीतरी सांगू बघत होती. एकदा मी दाढी करत होतो तेव्हा मागे येऊन उभी राहिली. "अहो, जरा बोलायचंय. मंदाताई…"

मी आरशातूनच डोळे वटारले. "त्या घराचं नाव या घरात काढायचं नाही, ठरलंय ना?"

मंदाताई माझी थोरली बहीण. लालबागला आमच्या वडलांच्या खोलीत राहते. आई लवकर गेली, मला शाळेत घालणारी, डबा भरणारी, माझ्यासाठी मुलगी बघणारी हीच. बाबांचं शेवटचं आजारपणही तिनेच काढलं. मग चाळीची रिडेव्हलपमेंट निघाली. भाडेपावती मला माझ्या नावावर करून हवी होती. तिने सहीला वेळ लावला. मी वकिलाची नोटीस पाठवली. तीन वर्षं झाली. भोईवाड्याहून लालबाग चालत वीस मिनिटं, पण मी रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावतीसकट.

तर सुलभा परत स्वयंपाकघरात गेली आणि मी उरलेली दाढी केली.

सहा अर्ज झाले! सहाव्यात तर मी कळसच गाठला. शेवटी एजन्सीचा फोन आला, "काका, तुम्ही प्रत्यक्ष या. फुटेज दाखवतो."

हेच तर हवं होतं! मी ऑफिसात अर्धी रजा टाकली. साक्षीदार म्हणून पाटकरांना घेतलं. आणि नितीनलाही निरोप पाठवला, हिंमत असेल तर ये म्हणून. तो आला, बरं का. आमच्यापासून दहा पावलं मागे चालत आला.

निघताना सुलभा चप्पल घालायला लागली. "मीपण येते."

"तू कशाला? तुला गाडीतलं काय कळतं?"

तिने चप्पल काढून ठेवली. "जा मग," म्हणाली. "बघून या."

एजन्सीचं ऑफिस तळघरात. एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि सावंत नावाची पस्तिशीची मॅनेजरबाई. तिने आम्हाला बसवलं, चहा मागवला. मी चहा नाकारला. शत्रूचा चहा मी पीत नाही! पाटकरांनी दोन्ही कप घेतले.

फुटेज सुरू झालं. उतारावरून माझी पांढरी गाडी आली. नंबर स्वच्छ दिसत होता. गाडीने एक वळण घेतलं, दोन खांबांमधल्या एवढ्याशा जागेत रिव्हर्स मारला आणि एका झटक्यात पट्ट्याच्या आत जाऊन उभी राहिली. मला त्या जागेत चार वेळा मागेपुढे करावं लागलं असतं, आणि तरी खांब घासला असता.

"बघा!" मी पाटकरांना कोपर मारलं. "मुरलेला चोर आहे! असा रिव्हर्स साधा माणूस मारतो का?"

नितीन मागून हळूच म्हणाला, "रिव्हर्स मी शिकवला."

"ऐकलंत? कबूल झाला!"

तेवढ्यात ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आतून सुलभा उतरली.

माझीच सुलभा. निळा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स. चावी बोटात अशी फिरवली, जशी काही जन्मभर फिरवत आलीय.

मी काय बोललो असेन? माणसाने निदान गप्प बसावं! पण नाही. तिने डावीकडे जाऊन दुसरं दार उघडलं आणि एका बाईला धरून उतरवलं. अगदी काडी. डोक्याला घट्ट स्कार्फ, तोंडावर मास्क, अंगात या उकाड्यात स्वेटर. दोन पावलं चालली आणि खांबाला टेकली. आणि मी, त्या भरल्या ऑफिसात, बोट दाखवून म्हणालो,

"ही दुसरी बाई कोण? हिनेच फितवलं असणार सुलभाला!"

पाटकरांनी कप खाली ठेवला.

"परब," ते म्हणाले, "मंदाताई आहे ती."

मी पुन्हा पाहिलं. खांबाला टेकलेल्या त्या बाईने सुलभाच्या खांद्यावरचं ओढणीचं टोक नीट केलं. स्वतःला उभं राहवत नव्हतं, पण दुसऱ्याची ओढणी सारखी करायची होती. मग ओळखली. लग्नात मांडवात उभी राहून असाच माझा फेटा सारखा करत होती.

"काय झालंय तिला?" मी विचारलं.

कोणाला विचारलं माहीत नाही. उत्तर नितीनने दिलं. "केमो चालू आहे, काका. पलीकडच्या हॉस्पिटलात. दर गुरुवारी. टॅक्सीत उलटी होते म्हणून टॅक्सीवाले घेत नव्हते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे," पाटकर म्हणाले. "तूच म्हणतोस ना, त्या घराचं नाव काढू नका."

सावंतबाईंनी फुटेज थांबवलं. त्या खरंच चांगल्या बाई. म्हणाल्या, "काका, पेशंट असेल तर आम्ही पैसे घेतच नाही. उलटी होते म्हणून गेटवरच्या माणसाने दर वेळी मागच्या बाजूने सोडलं असेल आणि नोंद करायची राहिली असेल. पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तुमचे सहा अर्ज आहेत माझ्याकडे. एकातही पेशंट हा शब्द नाही."

आणि त्यांनी सहावा अर्ज उघडला. मी म्हटलं, राहू द्या. पण पाटकरांनी तो घेऊन मोठ्याने वाचला. 'सदर चालकावर कडक कारवाई व्हावी. तसेच गाडीत बसून फुकट फिरणाऱ्या इतर व्यक्तींनाही दयामाया दाखवू नये. आपला, वाहनाचा नोंदणीकृत मालक.'

"हॉस्पिटलच्या कार्डाची झेरॉक्स आणून द्या," सावंतबाई म्हणाल्या, "सगळं माफ करते."

झेरॉक्स! ती मंदाताईकडे मागायची? कोणत्या तोंडाने? मी पाकीट काढलं आणि चोवीसशे रुपये मोजून टेबलावर ठेवले. तत्त्वाचा प्रश्न होता ना? मिटला.

बाहेर येताना नितीनला म्हटलं, "माझं चुकलं रे." तो म्हणाला, "ठीक आहे, काका." पण चावी परत घे म्हटलं तर हात मागे बांधून उभा राहिला. ते काही ठीक नव्हतं.

घरी आलो. सुलभा मेथी निवडत बसली होती.

"लायसन्स कधी काढलंस?"

"दोन वर्षं झाली. तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, फोटो चांगला आलाय."

आठवलं. मला वाटलं होतं आधार कार्ड आहे.

"मंदाताईचं मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याका कळला तर तो दयेन येतलो, नायतर सहीसाठी येतलो. दोन्ही नको." ती मेथीवरून नजर न काढता बोलत होती. "तरी मी तीनदा सांगायला आले. शपथ मोडून आले. तुम्ही ऐकलंत?"

मीही एक जुडी घेतली आणि निवडायला बसलो. तिने माझ्या निवडलेल्यातली निम्मी पुन्हा निवडली.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो, तक्रार मागे घ्यायला. हवालदार तेच.

"काय काका, चोर सापडला?"

"सापडला."

"कोण?"

"बायको."

त्यांनी रजिस्टर काढलं आणि माझी सही घेतली. "तरीच म्हटलं," ते म्हणाले, "पेट्रोल भरून ठेवणारा चोर घरचाच असणार."

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली. अंघोळ करून, गाडी पुसून, ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. सुलभा बाजूला बसली. लालबागला चाळीखाली गाडी लावली. ती वर गेली. मी बसून भाषण तयार करत होतो. ताई, माझं चुकलं. ताई, खोली तुझीच. ताई, मला कळलंच नाही. चांगलं मुद्देसूद भाषण होतं. सहा अर्ज लिहिलेला माणूस मी!

मंदाताई खाली आली. जवळून आणखीच लहान दिसली. हातात हॉस्पिटलची जाडी फाइल. मला बघून थांबली.

"तू कित्याक इलंस?"

का आलास म्हणून विचारल्यावर भाषण कुठे गेलं कोण जाणे. तोंडातून आलं ते हे, "गाडी माझ्या नावावर आहे ना, ताई."

म्हणजे बघा! तीन वर्षांनी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य!

ती हसली नाही, रागावलीही नाही. फाइल माझ्याकडे दिली. "नावावर रवांदे तुझ्या. चालवतली सुलभा. तू मागे बस. आणि गप रव."

मी उतरलो. सुलभाने सीट पुढे ओढली. मंदाताई पुढे बसली आणि मी मागे, मांडीवर फाइल घेऊन. परळपर्यंत दोघी कोलंबीच्या भावाबद्दल बोलत होत्या. केमोनंतर मंदाताईला तोंडाला चव नसते, पण भाव मात्र सगळे माहीत होते. मी गप राहिलो. जमलं मला.

टॉवरच्या गेटवर गार्ड आला. साताऱ्याकडचा म्हातारा माणूस. सुलभाला बघून त्याने सलाम ठोकला आणि खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, जरा जपून बरं का. या गाडीचा मालक लय वंगाळ माणूस हाय म्हणं. आत हापिसात येऊन राडा घातला. आजारी बाईवर केस करा म्हणत व्हता!"

सुलभाने आरशातून मागे पाहिलं.

"माहीत हा आमका," मंदाताई म्हणाली.

गार्डने मग माझ्याकडे मान वळवली. "आन् हे कोण?"

"हे होय?" सुलभाने गिअर टाकला. "हे ओळखीचे आहेत. फाइल धरायला आलेत."

मी फाइल जराशी वर करून त्याला दाखवली.